त्र्याऐंशीचा खाडा

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं आणि माझं पार्किंगवरून फारसं सख्य नाही. तरी गेल्या आठवड्यात त्यांनी बोलावलं म्हणून मी गेलो. 25 जून होता. क्लब हाउसमध्ये बॅटच्या आकाराचा केक होता, आणि 'त्या दिवशी तुम्ही कुठे होता?' या विषयावर प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं.

दोन मिनिटं कोणीच बोललं नाही, सगळे दहा-दहा मिनिटं बोलले. 1983च्या क्रिकेट विश्वचषकाचा तो अंतिम सामना भारतातल्या प्रत्येक माणसाने टीव्हीवर पाहिला होता, हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं. तेव्हा आख्ख्या चाळीत मिळून एखादा टीव्ही असायचा, हा हिशोब कोणी कशाला करेल? 'बी' विंगमधल्या एका गृहस्थांनी वेंगसरकरच्या कव्हर ड्राइव्हचं डोळे मिटून वर्णन केलं. वेंगसरकर अंतिम सामन्यात खेळलाच नव्हता. मार्शलचा चेंडू लागून तो आधीच जायबंदी झाला होता. दुसऱ्या एकांनी झिंबाब्वेविरुद्धच्या कपिलच्या नाबाद 175 धावा 'लाइव्ह' पाहिल्या होत्या. त्या सामन्याचं चित्रणच झालं नाही, हे मी सौम्य शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे अँटेना चांगली होती."

मग माझी पाळी आली. मी लालबागच्या आमच्या चाळीतला प्रसंग सांगितला. तळमजल्यावरच्या काकांचा लाकडी शटरचा टीव्ही, दारात चपलांचा ढीग, आपण 183वर गुंडाळलो तेव्हा निम्मे लोक जेवायला निघून गेलेले. रिचर्ड्स असा मारत होता की काकू म्हणाल्या, आता बंदच करा. मग कपिल मागे पळत गेला, झेल घेतला आणि गेलेले लोक तोंडात घास घेऊन परत आले. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या.

इतकंच झालं असतं तर हा लेख 'लोक किती थापा मारतात' यावर झाला असता, आणि तोच लिहायला मी बसलोही होतो. पण पावसाने माळ्यावर ओल आली आणि आमच्या हिने तिथलं सगळं खाली काढलं. आईच्या जुन्या ट्रंकेत कालनिर्णयांची चळत निघाली. आई एकही कालनिर्णय टाकत नसे. तारखेच्या चौकटीत दुधाचा रतीब, रॉकेल, कोणाचे उसने घेतले, कोणाचे फेडले, हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. ही म्हणाली, रद्दीत देऊ. मी म्हटलं, थांब.

या थांबण्यावरून मला भानू अथैया आठवल्या. कोल्हापूरच्या या बाईंना 1983च्या एप्रिलमध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. क्लब हाउसमध्ये त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. 2012मध्ये त्यांनी ते ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवून दिलं, आपल्यामागे इथे ते नीट राहील याचा भरवसा वाटेना म्हणून. आपल्याकडे वस्तू जपायची पद्धत दोनच ठिकाणी आहे, माळ्यावर किंवा परदेशात. आमच्याकडे ऑस्कर नसल्यामुळे माळा.

तर 1983चं कालनिर्णय. त्या वर्षात काय काय होतं म्हणाल तर फेब्रुवारीत वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, फूलनदेवीने शस्त्रं खाली ठेवली, आसामात नेल्लीचं हत्याकांड झालं. मार्चमध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि कास्त्रोंनी इंदिराबाईंना मिठी मारली. जुलैत वसंतराव देशपांडे गेले. विश्वविजेत्यांना द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, म्हणून लताबाई दिल्लीत गायल्या आणि खेळाडूंच्या हाती प्रत्येकी लाख रुपये पडले. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं. डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली.

आईच्या कालनिर्णयात यातलं काहीच नाही. जानेवारीपासून चौकटीत 'अर्धा' लिहिलंय. आधीच्या वर्षी हाच आकडा 'एक' होता. वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कोणी रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. दूध एकावरून अर्ध्यावर आलं. मग मे महिना. 12 तारखेपासून पुढे एक लांब आडवी रेघ, आणि रेघेवर एकच शब्द: 'खाडा'. रेघ मे ओलांडून जूनभर जाते, जुलैच्या मध्यावर थांबते.

25 जूनच्या चौकटीतूनही ती जाते.

म्हणजे आम्ही गावी होतो, राजापूर तालुक्यात. मुंबईत चार तोंडं खायला घालणं जमेना, तेव्हा वडिलांनी आम्हाला लाल डब्यात बसवून दिलं होतं. त्या पावसाळ्यात मी गावच्या शाळेत बसलो, छत गळायचं, हे मला स्वच्छ आठवतं. तो सामना चाळीत पाहिला, हेही तितकंच स्वच्छ आठवतं. दोन्ही आठवणी इतकी वर्षं शेजारी राहिल्या आणि एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. गावात तेव्हा टीव्ही नव्हता. वीज होती, पण पहिला पाऊस पडला की ती चार महिने माहेरी जायची.

आईला फोन लावला. ती आता भावाकडे असते, कान जरा कमी झालेत, बाकी सगळं शाबूत.

"तू कुठला बघतोयस?" आई म्हणाली. "ह्यांनी बघितला. एकटेच होते खोलीत. आपल्याला आणायला आले तेव्हा ओटीवर बसून तुम्हा पोरांना रोज रात्री तेच सांगायचे. संपाचं काही विचारलं की क्रिकेट काढायचे."

चपलांचा ढीग त्यांचा. काकूही त्यांच्या. तोंडातला घास बहुधा त्यांचाच. त्या दिवसांत जेवायला त्यांना तळमजल्यावरच बोलावत असत, असं आई म्हणाली.

सेक्रेटरींना हे सांगायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. 'बी' विंगच्या गृहस्थांना मात्र वेंगसरकरचा कव्हर ड्राइव्ह मी देऊन टाकला आहे.

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "कालनिर्णय हाताशी आहे ना? मग मे महिना नीट बघ. भैयाने दोन दिवस जास्त धरले होते. मी सांगत होते, ह्यांनी ऐकलं नाही, देऊन टाकले."

पाहिलं. जास्तच धरलेत.