वाढदिवसाची मानाची जागा

मे महिना लागला की दवाखान्यात उलटीची गोळी मागायला येणाऱ्यांची संख्या वाढते. कुणाला गणपतीपुळ्याला जायचे असते, कुणाला महाबळेश्वरला. अलीकडे त्यात आणखी एका निमित्ताची भर पडली आहे. पूर्वी मुलाचा वाढदिवस म्हणजे औक्षण, वाटीभर खीर आणि शाळेत लिमलेटच्या गोळ्या, एवढ्यावर भागत असे. आता मंडळी गाडी काढतात आणि समुद्रावर जाऊन केक कापतात. यात वाईट काही नाही. आजी-आजोबा, काका, आत्या दोन दिवस एकत्र राहतात, मूल समुद्र पाहते. हॉल घेऊन दोनशे माणसे जेवायला घालण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. माझी तक्रार आहे ती गाडीत कोण कुठे बसते याबद्दल.

मध्यंतरी एक आजोबा नातीला घेऊन आले. तिचा सहावा वाढदिवस गणपतीपुळ्याला करायचे ठरले होते. "डॉक्टरसाहेब, आंबा घाटात हिला मळमळतं. काहीतरी द्या." मी विचारले, "बसणार कुठं ही?" "पुढं, माझ्या मांडीवर. वाढदिवस तिचा, मान तिचा!" नात खुशीत होती.

पुढची जागा मानाची, ही आपली जीप-ॲम्बॅसिडरच्या काळापासूनची समजूत. पाहुणा पुढे, जावई पुढे आणि वाढदिवस असला की मूल पुढे. आता जरा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर आदळून थांबली, तरी आतले मोकळे माणूस त्याच वेगाने पुढे जात राहते. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेला माणूस जमिनीवर आपटतो, तेव्हा त्याचा वेग साधारण तेवढाच असतो. ताशी ८० ला आठ मजले धरा. अशा वेळी वीस किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे पैलवानालाही शक्य नाही. "मी घट्ट धरते हो" असे प्रत्येक आई म्हणते. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण इथे मायेचे काही चालत नाही. दोघांवरून मिळून एकच बेल्ट घेतला तर अधिकच वाईट, कारण मोठ्या माणसाचे सगळे वजन मुलाला बेल्टवर दाबते.

त्यात एअरबॅग. २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना ती सक्तीची आहे. ती पापणी लवण्याच्या आत फुगते, आणि बेल्ट लावून बसलेल्या मोठ्या माणसाला वाचवते. मांडीवरचे मूल मात्र तिच्या अगदी तोंडाशी असते. त्याच्या डोक्यावर आणि मानेवर तो तडाखा जिवावर बेतू शकतो.

तेव्हा मुलाची जागा मागे, आणि तीही बेल्टसह. मागे बसले की बेल्ट नको, हा दुसरा गैरसमज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. ते दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मोटार काही साधीसुधी नव्हती.

मोटारीचा बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असतो. मुलाची उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास जाईपर्यंत तो गळ्यावर आणि पोटावर येतो. यायला हवा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. त्यासाठी बूस्टर सीट मिळते. तान्ह्या बाळांची खुर्ची वेगळी, ती मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवतात. उशी किंवा घडी घातलेली चादर हा पर्याय नव्हे, ती सरकते. बूस्टर नसेल तर निदान मागे, स्वतंत्र जागेवर, स्वतंत्र बेल्ट. एका बेल्टात दोन भावंडे नकोत. डिकीत बॅगांच्या मध्ये बच्चे कंपनी नको. सात जणांच्या गाडीत अकरा जण जात असतील, तर दुसरी गाडी करावी किंवा कुणीतरी एस.टी.ने यावे. हे बोललो की लोक माझ्याकडे कंजूष पाहुण्याकडे पाहावे तसे पाहतात.

कायदाही आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्टशिवाय किंवा त्याच्या मापाच्या आसनाशिवाय नेले, तर हजार रुपये दंड. पण बेल्टचा भोंगा गप्प करायला बाजारातून नुसते खटके आणून अडकवणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. त्यांना दंडाचे काय?

नातीने मात्र खरा प्रश्न विचारला. "मागं बसले तर मला समोरचं कसं दिसणार? मग उलटी होईल ना!" पोरगी बरोबर बोलली. गाडीचे हेलकावे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवतात, डोळ्यांना मात्र समोरची सीट स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. बूस्टरमुळे मूल उंच बसते आणि त्याला समोरचा रस्ता दिसतो. हा दुहेरी फायदा. हातात मोबाईल देऊ नये. निघताना पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. ॲव्होमिनसारखी गोळी निघण्यापूर्वी तास-दीड तास द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला ती देऊच नये, आणि मोठ्या मुलांचाही डोस डॉक्टरांना विचारून. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

क्रीमचा केकही घरून नेऊ नका. उन्हात तापलेल्या डिकीत चार-पाच तास राहिलेल्या क्रीममध्ये जंतूंचे विष तयार होते. तो खाल्ल्यावर काही तासांत सगळ्या घराला उलट्या लागतात, आणि बोल घाटाला लावला जातो.

शेवटचा मुद्दा परतीचा. संध्याकाळी केक, रात्री जेवण, दहाला निघायचे आणि उजाडता घरी, कारण सकाळी कामावर हजर व्हायचे असते. पहाटे दोन ते सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात गाढ झोपेची. चहा, गाणी, उघडी काच यांनी ती फार वेळ टळत नाही. पेंग आली की गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे झोपणे बरे, त्याहून मुक्काम करून उजाडल्यावर निघणे बरे. भाड्याची गाडी असेल, तर ड्रायव्हर आदल्या रात्री कुठून आला आणि किती झोपला, हे निघण्यापूर्वी विचारा. बहुतेक ठिकाणी तो गाडीतच सीट मागे करून, डास मारत रात्र काढतो. खोल्या ठरवताना त्याच्यासाठीही पंख्याखाली एक कॉट सांगा, आणि केकचा तुकडा देताना त्याला पोटभर जेवायला बसवा.