विकलेली खिडकी, विकत घेतलेले गाव

पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या खिडक्या मिळवायच्या, त्यांच्या तावदानांवर आपल्या मूळ गावाचे चित्र एखाद्या चित्रकाराकडून मागणीनुसार काढून घ्यायचे आणि ती चौकट नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात टांगायची, अशी एक हौस आपल्या सुखवस्तू मध्यमवर्गात अलीकडे दिसू लागली आहे. ही हौस निरुपद्रवी आहे, कित्येकदा देखणीही आहे. मग अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मास्तराने तिच्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण घरचेच आहे. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या पुण्यातील घरी गेल्या दिवाळीत अशी एक खिडकी लागली. तिच्यावर वाईचा घाट रंगविला आहे, आणि ती खिडकी वाईतल्या आमच्याच वाड्याची आहे असे दादांचे ठाम म्हणणे आहे. ती आमची असेलही. पण तसे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन दादांकडे नाही, माझ्याकडे नाही आणि विकणाऱ्याकडे तर नाहीच.

प्रथम या मालाची उत्पत्ती पाहू. वाडा पाडण्याचे काम ठेकेदार घेतो तेव्हा त्याचे लक्ष तुळया, खांब आणि कड्यांवर असते. जुन्या सागवानाला आज जो भाव आहे तो भावनेपोटी आलेला नाही. ब्रह्मदेशाने 2014 साली सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि शंभर वर्षे मुरलेले लाकूड वखारीत अधिकच मोलाचे ठरले. मोठ्या तुळईतून फळ्या निघतात. खिडकीच्या बारीक पट्ट्यांतून काही निघत नाही. म्हणून तुळया फर्निचरवाल्याकडे जातात आणि खिडक्या मागे राहतात. पूर्वी त्या बंबात किंवा भट्टीत जात. आता त्या पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी मांडलेल्या दिसतात, मुंबईच्या चोर बाजारात दिसतात आणि तेथून चित्रकाराच्या हाती येतात. जळणापेक्षा हे बरे, हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पेशवाईतील वाड्याच्या खिडकीला बहुधा काच नसेच. लाकडी झडपा, लोखंडी गज, कडी-कोयंडा एवढाच तिचा संसार. काचेची तावदाने सर्रास आली ती इंग्रजी अमदानीत. त्यामुळे ‘पेशवेकालीन खिडकीवरील चित्र’ म्हणून जे दाखविले जाते, ते पुष्कळदा एखाद्या जुन्या शाळेच्या, बंगल्याच्या किंवा कचेरीच्या खिडकीवर असते. काचेवरील चित्रकला मात्र आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागे चिनी चित्रकारांनी साताऱ्यात, कच्छात आणि म्हैसुरात काचेच्या मागील अंगाने चित्रे रंगविली. त्या पद्धतीत सारा क्रम उलटा असतो: डोळ्यातील बाहुली आणि दागिन्यांची नक्षी आधी, आभाळ सर्वांत शेवटी, चुकले तर वरून दुरुस्ती करण्याची सोय नाही. आजचे चित्रकार बहुतेक समोरूनच रंगवितात. त्याला माझा आक्षेप नाही, पण साताऱ्याच्या माणसाने काचेवरचे चित्र ही काल-परवा परदेशातून आलेली युक्ती समजावी याचे वाईट वाटते.

आता किमतीचा प्रश्न. माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. एका चौकटीला त्याचे सहा-सात दिवस जातात: जुना रंग खरवडणे, वाळवी लागलेला भाग सुताराकडून बदलून घेणे, सैल काचा बसविणे आणि मग चित्र. गिऱ्हाईक जी रक्कम मोजते तिच्यात वाड्याच्या मूळ धन्याचा वाटा जवळजवळ शून्य असतो, कारण त्याने वाडा ‘लॉटात’ दिलेला असतो आणि खिडकीचा वेगळा हिशेब कोणी केलेला नसतो. सुताराला रोजंदारी मिळते. उरलेले दुकानदार आणि चित्रकार यांच्यात वाटले जाते. म्हणजे गावाच्या आठवणीला बाजारात चांगली किंमत आहे. फक्त ती किंमत आठवण ज्याने सांभाळली त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाडा उभा असताना छपराची कौले शाकारायला आणि एक कुजलेला वासा बदलायला आम्हा सहा हिस्सेदारांत वर्गणी जमली नाही. त्या वर्गणीत माझाही हिस्सा थकला होता, हे नमूद केले पाहिजे. त्याच घराण्यात आज त्याच वाड्याच्या एका खिडकीवर मनापासून पैसा खर्च झाला.

यात केवळ आमच्या नादानपणाला दोष देऊन भागणार नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची प्रमाण भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण ती गाठ अर्धशतक सुटली नाही. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही असे म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. दहा रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे! दुरुस्तीची जबाबदारी मात्र धन्याचीच. अशा हिशेबात वाडा पडू देणे हाच धन्याला शहाणपणाचा मार्ग वाटला तर नवल नाही. पावसाळ्यात नाशिक-पुण्याकडे जुने वाडे कोसळल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण पावसाला बोल लावतो.

मुंबईत 1995 पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे आणि न वापरलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र विकून धन्याला काही भरपाई मिळविता येते. पण हा उपाय जेथे जमीन सोन्याच्या भावाने विकते तेथेच चालणार. वाईसारख्या गावात अशा हक्काला गिऱ्हाईक कोठून मिळणार? तेथे हवी आहे ती साधी गोष्ट: दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, आणि दुरुस्त केलेल्या वाड्याच्या घरपट्टीत काही वर्षांची सूट.

याहून मोठी भीती वेगळीच आहे. मोडीला मागणी निर्माण झाली की मोड ही मोड राहत नाही, तिचे उत्पादन सुरू होते. तामिळनाडूत चेट्टीनाडच्या कारैकुडी गावी एक अख्खी गल्ली नगरत्तार व्यापाऱ्यांच्या हवेल्यांतील खांब, दारे, खिडक्या आणि भांडी विकण्यासाठी प्रसिद्ध आहे. जेव्हा घराचे सुटे भाग उभ्या घरापेक्षा महाग होतात, तेव्हा बऱ्या स्थितीतील घरालाही त्याचा मोह बाधतो. आपल्याकडे तसे होऊ द्यायचे नसेल तर हाताशी कायदा आहे. 1972 च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात, शंभर वर्षांहून जुन्या आणि इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूचा ‘पुरावस्तू’च्या व्याख्येत स्पष्ट समावेश आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. कॅलिफोर्नियातील चिरंजिवांसाठी सामानातून खिडकी धाडणाऱ्या आईवडिलांनी हे कलम एकदा वाचावे.

कायद्यापलीकडे गिऱ्हाइकाच्या हातातही काही आहे. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास संग्रह करायला आरंभ केला आणि नक्षीची दारे-खिडक्या दार म्हणून, खिडकी म्हणूनच जपल्या; पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात त्या आजही तशाच पाहता येतात. प्रत्येकाने संग्रहालय काढावे असे मी म्हणत नाही. पण चित्र सांगताना थोडी कल्पकता दाखवायला काय हरकत आहे? माझा विद्यार्थी सांगतो की वाईची माणसे हटकून दोनच विषय सांगतात: ढोल्या गणपती किंवा मेणवलीचा घाट. 1762 साली रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळाला चित्राची गरज नाही. ते जागेवर आहे आणि राहील. ज्या आळीतून ही खिडकी निघाली ती आळी, तिच्या तोंडाशी असलेले वाण्याचे दुकान, हळद वाळत घातलेली गच्ची, एसटीचा थांबा यांचे चित्र कोणी मागत नाही. आपण ज्या गावात राहिलो त्याऐवजी चित्रपटवाल्यांनी दाखविलेले गाव आपण भिंतीवर लावतो.

दुसरी मागणी अगदी बिनखर्चाची आहे. प्रत्येक खिडकीच्या मागील बाजूस ती कोणत्या गावच्या, कोणत्या आळीतल्या, कोणाच्या घराची आणि कोणत्या साली उतरविली, एवढे लिहून मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकाने पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याला ही माहिती ठेवणे अवघड नाही. त्याला ती आजवर कोणी विचारलेलीच नाही. नगरपालिकांनी पाडकामाची परवानगी देताना निघणाऱ्या लाकूडसामानाची एक यादी दाखल करून घेतली तर चोरीच्या मालालाही थोडा आळा बसेल.

माझ्या विद्यार्थ्याने ही सूचना लगेच उचलली. दादांच्या खिडकीपासूनच सुरुवात करू म्हणाला, आणि त्याने मला विचारले, “सर, तुमच्या वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर सांगा, तेवढाच मागे लिहितो.” मला तो आठवला नाही. दादांनाही नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या वडिलांच्या ट्रंकेत होत्या. ती ट्रंक वाड्याच्या सामानाबरोबरच गेली. आता नगर भूमापन कार्यालयात अर्ज केला आहे.