आधी प्रश्न तपासू या

100 ला कोणकोणत्या संख्यांनी भागले असता बाकी 4 उरते? अशा संख्या किती? शिष्यवृत्तीच्या तासाला हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि वह्या पाहाव्यात. बरीच मुले 100 मधून 4 वजा करतात, 96 चे विभाजक काढतात, ते बारा भरतात आणि 'बारा' लिहून मोकळी होतात. त्या बारांत 1, 2, 3 आणि 4 हेही आहेत. 3 ने भागल्यावर बाकी 4 कशी उरेल, असे विचारले की तीच मुले क्षणात चूक पकडतात. म्हणजे त्यांना समजत नाही असे नाही. विचारल्याशिवाय ते मनात येत नाही, एवढेच. बरोबर उत्तर आठ आहे: 6, 8, 12, 16, 24, 32, 48 आणि 96.

'भाज्य = भाजक × भागाकार + बाकी' हे सूत्र प्रत्येक वर्गात पाठ असते. त्याच्यासोबतची अट, म्हणजे बाकी शून्य चालेल पण भाजकाइतकी किंवा त्याहून मोठी चालणार नाही, ही आपण एकदा वाचून दाखवतो आणि पुढे सरकतो. वास्तविक अर्धे गणित या अटीत आहे. 100 = 3 × 32 + 4 ही समानता पूर्ण खरी आहे, तरी 4 ही बाकी नाही. अट घातली की प्रत्येक भाज्यासाठी भागाकार एकच आणि बाकीही एकच ठरते, आणि त्या एकमेवतेवर विभाज्यतेचे पुढचे सगळे युक्तिवाद उभे राहतात.

पर्यायी उत्तरांच्या परीक्षेने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे. चार पर्याय दिलेले असतात, त्यांतला एक बरोबर असतोच, मग एकेकाला भागून पाहायचे. गुण मिळतात आणि वेळही वाचतो. पण उत्तर आहे की नाही आणि असल्यास किती आहेत, हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाहीत. माझ्या मते बाकीची उदाहरणे शिकवण्याचे खरे कारण हेच दोन प्रश्न आहेत. 'लसावि काढा आणि बाकी मिळवा' हा नियम सगळीकडे बाकी सारखी असेल तेव्हाच लागू पडतो. बाक्या बदलल्या की नियम पाठ असलेला विद्यार्थी अडतो.

पहिल्या भास्कराने इ. स. 629 मध्ये आर्यभटीयावरील भाष्यात दिलेले उदाहरण आजही वर्गात न्यावे इतके चांगले आहे. 8 ने भागल्यास 5, 9 ने भागल्यास 4 आणि 7 ने भागल्यास 1 बाकी उरते, ती संख्या कोणती? आधी फक्त 8 आणि 9 च्या अटी घ्या. 9 ने भागल्यावर 4 उरणाऱ्या संख्या 4, 13, 22 अशा जातात, आणि 13 ला 8 ने भागल्यास बाकी 5 उरते. दोन अटी पुऱ्या झाल्या. आता या दोन बाक्या न बिघडवता पुढे जायचे तर पाऊल 72 चेच हवे, कारण तो 8 आणि 9 चा लसावि. 13 ला 7 ने भागल्यास 6 उरतात, चालत नाही; 13 + 72 = 85 ला भागल्यास 1 उरतो. उत्तर 85. पुढचे उत्तर 504 ने मोठे. लसावि इथे नियम म्हणून येत नाही, गरज म्हणून येतो. '72 च का?' याचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत देता आले, त्याला वेगळे सूत्र द्यावे लागत नाही.

हे उदाहरण सुटणारच होते, कारण 7, 8 आणि 9 यांच्यात कोणत्याही दोघांचा 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. आता 4 ने भागल्यास 1 आणि 6 ने भागल्यास 2 उरते अशी संख्या शोधायला सांगा. पहिली अट म्हणते संख्या विषम, दुसरी म्हणते सम. उत्तर नाही. पण असा प्रश्न आपण वर्गात देतच नाही, जणू उत्तर नसणे ही प्रश्न काढणाऱ्याची चूकच.

भास्कराचार्यांना, म्हणजे दुसऱ्या भास्कराला, तसे वाटत नव्हते. लीलावतीतील (इ. स. 1150) कुट्टकाच्या, म्हणजे असा अज्ञात गुणक शोधण्याच्या रीतीच्या, प्रकरणात पहिली पायरीच तपासणीची आहे: भाज्य (जिला गुणायचे ती संख्या) आणि हार (भाजक) यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपालाही (मिळवायच्या संख्येलाही) भाग गेला पाहिजे, न गेल्यास तो प्रश्नच सदोष. त्यांचे उदाहरण असे: 221 ला कशाने गुणून 65 मिळवले असता 195 ने नि:शेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना 13 ने भागा. 17, 5 आणि 15 उरतात. गुणक 5 घेतला की 17 × 5 + 5 = 90, म्हणजे 15 ची सहापट. आकडेमोड एवढीच. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. कुट्टक शिकवण्याची परंपरा आपल्या खानदेशातही होती, आणि तिच्यात प्रश्नाची तपासणी उत्तराच्या आधी येते.

या महिन्यात पाचवीपासून दहावीपर्यंत कोणत्याही वर्गात करता येईल असा एक तास सुचवतो. चार स्तंभ आणि सहा ओळींची चौकट आखा. स्तंभांवर 4 ने भागल्यावरच्या बाक्या 0 ते 3, ओळींवर 6 ने भागल्यावरच्या बाक्या 0 ते 5. आता 0 पासून एकेक संख्या तिच्या घरात मुलांकडून लिहून घ्या. 11 पर्यंत प्रत्येक संख्येला नवे घर मिळते. 12 मात्र 0 च्याच घरात जाऊन बसते. चोवीस घरांपैकी बारा भरतात आणि बारा रिकामी राहतात, बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक. ती रिकामी घरे कधीच का भरणार नाहीत, हे मुलांनाच सांगू द्या. घाई करू नका. मग 4 आणि 6 ऐवजी 4 आणि 5 घेऊन तीच चौकट पुन्हा आखा. वीसच्या वीस घरे भरलेली पाहून मुले जी कारणे देतील, ती त्यांच्याच भाषेत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.