औषधांचे सामाईक तळे

(बी. ए. भाग २)

‘अति तेथे माती’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु जीव वाचविणाऱ्या औषधालाही ती लागू पडते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच समाजाचा आहे.

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत ताप आला की माणूस दवाखान्यात जात नाही, दुकानात जातो. ‘जोरदार गोळी द्या’ म्हणतो. दोन गोळ्या घेतो आणि घाम सुटला की पुन्हा बांधीत उतरतो. उरलेल्या गोळ्या शेजारच्या लेकराच्या खोकल्याला कामी येतात. यांत पुष्कळदा प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स असतात. सर्दी-पडशाचे विषाणू त्यांनी मरत नाहीत. मात्र आतड्यातील जीवाणूंपैकी दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात.

या चिवटपणाची किंमत केव्हा मोजावी लागते? स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे उदाहरण घेऊ. पित्ताशयातील खडे आणि दारू ही त्याची प्रमुख कारणे. पाचकरस त्या ग्रंथीलाच पचवू लागतात आणि पोटातली कळ पाठीपर्यंत जाते. बहुतेक रोगी सलाईन, वेदनाशामक औषधे आणि योग्य आहाराने बरे होतात. आरंभी हा जंतूंचा आजार नसतो. म्हणून निव्वळ खबरदारीसाठी प्रतिजैविके देऊ नयेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु सुमारे पाचांतील एकाचा आजार बळावतो. काहींच्या ग्रंथीचा भाग मृत होतो आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर आतड्यातील ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जीवाणू त्यात शिरू शकतात. तेव्हा मात्र प्रतिजैविकांचा मोठा आधार असतो. हे जीवाणू मेरोपेनेमसारख्या राखीव औषधालाही दाद देत नसतील, तर डॉक्टरांच्या हाती उरते कोलिस्टिनसारखे जुने, मूत्रपिंडाला अपाय करणारे औषध!

हे संकट अचानक आलेले नाही. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो हे औषध देशातच तयार व्हावे म्हणून. पुढे त्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जीवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याला मामा तलाव नवे नाहीत. तलावाचे पाणी पाळीपाळीने घ्यायचे असते. एकाने रात्री पाट फोडला, तर शेवटच्या बांधीतले धान वाळते. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. एकाने उधळलेल्या औषधाची उणीव दुसऱ्याच कुणाला, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर भासते.

पण म्हणून सारा दोष ‘अडाणी’ माणसावर ढकलणे मला मान्य नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु देवरी-सालेकशाच्या आतल्या गावाहून तिथे येणे म्हणजे एक दिवसाची रोजी बुडविणे. शिवाय चिठ्ठीवाचून गोळ्या विकणारा दुकानदार आणि गरज नसताना ‘स्ट्राँग’ इंजेक्शन लिहिणारा डॉक्टर तर अडाणी नसतात ना? १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार त्यातील प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१६ साली सरकारने लाल रेघेची मोहीमही काढली. चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधाच्या पट्टीवर लाल रेघ असते. पण रेघेचा अर्थ रोवणीवाल्या बाईला सांगितला कोणी? पट्टीवरची सूचना इंग्रजीत!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पट्टीवरचा मजकूर वाचण्याचे काम माझ्याकडे येते. आपल्यापैकी अनेकांची स्थिती हीच असेल. मला वाटते, ही सूचना मराठीत छापली जावी, आणि रोवणीच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी सायंकाळीही चालावी. तोवर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एक संध्याकाळ या लाल रेघेसाठी द्यायला काय हरकत आहे? शिक्षण म्हणजे केवळ पदवी नव्हे. ज्यांनी आपल्याला शिकविण्यासाठी चिखल तुडविला, त्यांना दोन ओळी वाचून दाखविणे हेही शिक्षणच आहे.