चार टक्के शेत, सत्तर टक्के पाणी

धरण बांधून झाले, कालवा वाहतो आहे, पाणीपट्टी भरली आहे. मग ते पाणी उसाला दिले तर कोणाचे काय गेले? ऊसपट्ट्यात हा प्रश्न उत्तर गृहीत धरूनच विचारला जातो.

त्यामागची बाजू लेचीपेची नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्या वाटेने राज्यभर कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर रस्ते आले, पतसंस्था आल्या, शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने आले. शिवाय उसाच्या दराला कायद्याचा आधार आहे: २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, होती. गारपिटीत द्राक्षबाग झोपते, बाजार पडला की कांदा रडवतो. ऊस सहसा दगा देत नाही. म्हणून उसानेच विकास केला आणि पुढेही तोच करील, असा हा दावा.

आता त्यातला पहिला दुवा, पाणीपट्टीचा, तपासू. पाणीपट्टी म्हणजे पाण्याची किंमत नव्हे. पाण्याचा खरा खर्च म्हणजे तेच पाणी दुसरीकडे वापरून जे मिळाले असते आणि आता मिळणार नाही, ते. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. तो कोणत्याच पावतीवर छापलेला नसतो, त्यामुळे तो नाहीच असे वाटते.

आकडे मांडून पाहू. उसाला राज्यात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचा वाटा वजा करून सिंचनाचे १,५०० मिलिमीटर धरले, तरी एका हेक्टरला दीड कोटी लिटर होतात. हरभरा दोन-तीन पाळ्यांत, म्हणजे सुमारे २५० मिलिमीटरमध्ये निघतो. म्हणजे एका हेक्टर उसाच्या पाण्यात सहा हेक्टर हरभरा भिजतो. हेक्टरी ८० टन ऊस धरला तर एफआरपीने २ लाख ७२ हजार रुपये होतात, आणि त्यातूनच तोडणी-वाहतूक कापली जाते. हेक्टरी १२ क्विंटल हरभरा २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामातल्या क्विंटलमागे ५,६५० रुपयांच्या हमीभावाने विकला, तर सहा हेक्टरांचे चार लाखांवर जातात. दोन्हींचे उत्पादन खर्च निराळे आहेत हे मान्य. पण ‘कोणाचे काय गेले’ याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे उरत नाही.

गेले ते कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याचे. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या काही वर्षांपूर्वीच्या अहवालानुसार महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेत होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, पुढे ५० वाघिणींच्या गाडीत २५ लाख. एका हेक्टर उसाचे सिंचन म्हणजे अशा सहा गाड्या.

दुसरा दुवा विकासाचा. फ्रेंच लेखक फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्येच बजावले होते की कोणत्याही निर्णयाचे दिसणारे परिणाम मोजून भागत नाही, न दिसणारेही मोजावे लागतात. कारखान्याचे धुराडे दुरून दिसते. पाणी न मिळाल्याने जिरायत राहिलेले रान आणि तिथून स्थलांतर केलेले घर कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही. ऊसतोडीला बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर येतात. एका भागाची भरभराट आणि दुसऱ्या भागाची उणीव अशी एकाच फडात भेटते.

इथेनॉलने हा पेच सुटेल असे आता सांगतात. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. एक टन ऊस साखरेला किंवा इंधनाला. दोन्हीकडे पुरा पडत नाही.

मात्र ऊसकऱ्याला हावरट ठरवून ऊसबंदी मागणारेही तितकेच चुकतात. शेतकऱ्याचा हिशेब पक्का असतो. त्याच्याकडे सहा हेक्टर नसतात, एकच असते. आणि हरभऱ्याचा हमीभाव बऱ्याचदा कागदावरच राहतो. २०१६-१७ मध्ये तूर भरघोस पिकली, तेव्हा भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरले आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. हे पाहिलेला माणूस पुन्हा उसाकडे वळला, तर त्याचे काय चुकले? चूक आहे ती पाणी न मोजता एकाच पिकाला हमी देणाऱ्या व्यवस्थेची.

यातून वाट निघते, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटले गेले. भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला मज्जाव झाला. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस कमी झाला की त्या बेताने पिके ठरवते. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी पाणी मोजून घेतले, तशी द्राक्षे आणि भाजीपाला वाढला. थेंबामागचे उत्पन्न वाढणे, हीही आर्थिक वाढच. तिला नवे धरण लागले नाही.

म्हणून मागण्या तीन. कालव्याची पट्टी क्षेत्रावर नव्हे, घनमीटरवर आकारावी. डाळी-तेलबियांची खरेदी उसाच्या एफआरपीइतकी भरवशाची व्हावी. आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालात गाळप आणि उताऱ्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: टनामागे लागलेले पाणी, लिटरमध्ये.