स्क्रिप्ट चालली ना, मग झालं!

हे वाक्य मी प्रयोगशाळेत इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं तरी डोकं फिरतं.

एकदा आमचा एक बोर्ड जळला. पॉवर सप्लायची करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर आणायची होती. कॉम्प्युटरवरून आज्ञा गेली, स्क्रिप्ट शेवटपर्यंत पळाली, कुठे हूं की चूं नाही. लिमिट मात्र आधीच्या चाचणीतल्या तीन अँपिअरवरच! आज्ञेत 'करंट'च्या सात इंग्रजी अक्षरांपैकी पाचच लिहिली होती. लिहिणारा अस्मादिकच.

सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, "ही स्किपी भाषाच भंगार." मला हे साफ अमान्य आहे.

स्किपी १९९० साली आली, १९८७ च्या आयईईई ४८८.२ च्या पायावर. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या उपकरणाची बोली वेगळी. स्किपीने नियम घालून दिले. शब्द पूर्ण लिहा, नाहीतर ठरलेलं लघुरूप. 'करंट'चं चार अक्षरी. मधलं काही चालणार नाही. पॅरामीटरचे प्रकारही ठरलेले: आकडा, चालू-बंद, ठराविक शब्दांपैकी एक, अवतरणातला मजकूर.

नियम मोडला तर उपकरण आज्ञा नाकारतं आणि चुकांच्या रांगेत नोंद करतं. अनोळखी आज्ञा असेल तर उणे ११३, आकडा मर्यादेबाहेर असेल तर उणे २२२. फक्त ते कॉम्प्युटरकडे धावत येऊन सांगत नाही; 'सिस्टिम एरर?' असं आपण विचारायचं, उत्तर शून्य येईपर्यंत. ही एक ओळ लिहायचा आपल्याला कंटाळा, आणि भंगार कोण, तर भाषा!

भाषेत खोड्या नाहीत असं नाही. लहान-मोठी अक्षरं तिला सारखीच, त्यामुळे 'एम' हे अक्षर व्होल्टपुढे मिली आणि हर्ट्झपुढे मेगा. मोजमाप रेंजबाहेर गेलं की ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असा अगडबंब आकडा परत येतो. पण हे सगळं लिहून ठेवलेलं आहे हो! न वाचता तो आकडा सरासरीत घालणारे महाभाग मी पाहिलेत.

"दर आज्ञेनंतर विचारत बसलो तर चाचणी रखडेल" हा आक्षेप मला मान्य आहे. मग सगळं सेटिंग झाल्यावर, आउटपुट चालू करण्याआधी एकदा तरी विचारा. तेवढ्याने आमचा बोर्ड वाचला असता.

खरं सांगू? त्या बोर्डाचं मला फारसं दुःख नाही. तो जळला म्हणून चूक कळली. त्याआधी त्याच स्क्रिप्टखालून जे बोर्ड न जळता गेले, त्यांच्या 'पास' रिपोर्टवर माझी सही आहे. झोप उडते ती त्यांच्यामुळे.