चाकांवरचा वानप्रस्थ

वानप्रस्थाश्रमाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील मंडळी एकतर हसतात किंवा सुस्कारा सोडतात. मनूनें पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करून अथवा तिला बरोबर घेऊन वनांत जावें, असे दोन पर्याय ठेविले आहेत. पण बरोबर घेतल्यास तिच्या गुडघ्यांचें काय करावें, याविषयीं त्या ग्रंथांत कांहीं सांगितलेलें नाहीं. हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत पडला.

आमचे धाकटे आतेबंधु चाळीस वर्षांपूर्वीं यंत्रशास्त्र शिकून तिकडे गेले व वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं नोकरींतून मोकळे झाले. मुलगा कॅलिफोर्नियांत, मुलगी टेक्सासांत, आणि एवढ्या मोठ्या घरांत हीं दोघेंच. त्यांच्या मनानें घेतलें कीं घर विकावें, त्या पैशांतून चाकांवरचें घर घ्यावें आणि पुढचें आयुष्य फिरत काढावें. मुलाच्या गांवीं दोन महिने, लेकीच्या गांवीं दोन महिने, पण निजणें आपल्याच छपराखालीं. म्हणजे सुनेस सासूसासऱ्यांचा भार नको आणि आपणांस सुनेच्या फ्रीजमध्यें जागा मागणें नको! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें विचित्र वाटेल. आम्हांस त्यांत थोडें शहाणपण दिसलें. (मुलाच्या अंगणांतच तें घर उभें करूं, ही त्यांची कल्पना मात्र खोटी ठरली. तिकडील अनेक नगरपालिका व वसाहती अंगणांतल्या अशा गाडींत राहूं देत नाहींत. जवळचें तळाचें ठिकाण शोधून तेथें भाडें भरावें लागतें.)

असे यायावर तिकडे पुष्कळ आहेत. कोणी हौसेनें निघालेले, तर कोणी घरभाडें परवडेना म्हणून. या दुसऱ्या प्रकारच्या वृद्धांवर जेसिका ब्रूडर यांनीं २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ हें पुस्तक लिहिलें व त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. आमचे बंधु पहिल्या वर्गांतले. पण पहिल्यांतून दुसऱ्यांत जाण्यास एक चुकीची खरेदी पुरते, असें आम्हांस तेथें कळून आलें.

शेजारच्या इंडियाना संस्थानांत एल्कहार्ट म्हणून गांव आहे. अमेरिकेंतील हीं चालतीं घरें बहुतांशीं त्या गांवीं व आसपास तयार होतात. तेथील संग्रहालयांत १९१३ सालची एक लांकडी ओढगाडी आहे. ती कॅलिफोर्नियांतील एका प्राध्यापकाकरितां बनविली होती असें सांगतात. आम्हीं जन्मभर मास्तरकी केलेली असल्यामुळें तिच्यापुढें अंमळ जास्तच उभे राहिलों.

तेथून एका विक्रेत्याच्या आवारांत गेलों. शेंकडों घरें ओळीनें उभीं. प्रकार मुख्यतः दोन. एकांत यंत्र व घर एकाच देहांत असतें, यास मोटारहोम म्हणतात. त्यांतही आगगाडीच्या डब्याएवढें मोठें, साध्या व्हॅनएवढें लहान, आणि चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी बिछान्याची जागा असलेलें मधलें, असे तीन पोटभेद. दुसऱ्या प्रकारांत घर वेगळें व तें ओढणारी गाडी वेगळी. हें घर मागें जोडावयाचें, किंवा ट्रकाच्या हौद्यांत अडकवावयाचें. हौद्यांत अडकणाऱ्यास तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पांचवें चाक म्हणतात.

बंधूंचें मन एका चाळीस फुटी मोटारहोमवर बसलें. पुढें भिंतभर कांच, आंत शेकोटीसुद्धां! विक्रेत्यानें कळ दाबली तशी एका बाजूची सबंध भिंत सोफ्यासह बाहेर सरकली व दिवाणखाना दुप्पट झाला. बंधूंचा चेहरा पाहून आम्हांस त्यांच्या मुंजींतला बटु आठवला. मग आम्ही विचारलें, “रस्त्याच्या कडेला घटकाभर थांबून चहा करावयाचा झाला, तर ही भिंत बाहेर काढतां येईल काय?” विक्रेता म्हणाला, तशी जागा असली तर. “मग आंत घेऊन दाखवा.” भिंत आंत आली तेव्हां स्वयंपाकाच्या ओट्याशीं उभें राहण्यास वीतभर जागा उरली आणि शौचकूपाचें दार अर्धेंच उघडूं लागलें. हें घर घेणाऱ्यानें सर्व भिंती आंत ओढवून, त्या स्थितींत चहा करून, बिछान्यावर पडून व न्हाणीघरांत जाऊन पाहावें. सौदा करण्यापूर्वीं ही परीक्षा कोणी करीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटलें.

भावजयबाई या सर्व वेळ खालींच उभ्या होत्या. पायऱ्या उंच व अरुंद. त्यांचा उजवा गुडघा वांकत नाहीं. ‘पांचव्या चाकां’त निजण्याची खोली आंतल्या दोन-तीन पायऱ्या चढून, माळ्यावरील बिछान्यास शिडी, आणि कित्येक घरांत बिछाना कोपऱ्यांत असा ठोकलेला, कीं भिंतीकडच्यानें रात्रीं उठावयाचें तर दुसऱ्यास ओलांडून जावें. आमच्या वयाच्या माणसांस रात्रीं किती वेळां उठावें लागतें, हें त्या आंखणाऱ्या तरुणांस कोण सांगणार? त्या दिवशीं पाहिलेल्यांपैकीं एकाच घरांत त्या विनासायास चढल्या. तें पंचवीस फुटांचें ओढण्याचें साधें घर होतें. एकच पातळी, आणि बिछान्यास दोन्ही बाजूंनीं वाट. बंधूंनीं तिकडे पाहिलेंही नाहीं.

आम्ही जातीचे मास्तर; सोडतों कसे? दाराशीं एक पिवळी चिठ्ठी चिकटविलेली असते व तीवर माणसें-सामान मिळून किती वजन चालेल तें पौंडांत लिहिलेलें असतें. ती बंधूंस वाचावयास लाविली. घर जितकें दिखाऊ, तितका हा आंकडा बहुधा लहान, कारण शोभेच्या सामानानेंच वजन खाल्लेलें असतें. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतें. साठ गॅलनांची टांकी भरली कीं पांचशें पौंड तेथेंच संपले. त्यावर कपडेलत्ते, औषधें, बंधूंचीं हत्यारें, पुस्तकें आणि भावजयबाईंचें दगडी रगड्याचें यंत्र! सुटींतल्या आठ दिवसांस जें पुरतें तें बारमास राहणाऱ्यास पुरत नाहीं, याचें मूळ पुष्कळदां त्या चिठ्ठींत असतें. विजेचेंही तसेंच. लहान घराची जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॅटची. एकाच वेळीं वातानुकूलन, पाण्याचा बंब व मिक्सर लावले कीं अंधार. चाकांवरील रबर झिजलेलें दिसत नसलें तरी पांच-सात वर्षांत जुनें होतें. त्याच्या कुशीवरील शेवटचे चार आंकडे तें कोणत्या आठवड्यांत व सालीं बनलें हें सांगतात. वापरलेलें घर घेतांना हे आंकडे आधीं वाचावे.

सांडपाण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. घराखालीं स्वच्छ पाण्याची, न्हाणी-मोरीच्या पाण्याची व शौचकूपाची, अशा वेगवेगळ्या टांक्या असतात. मागील दोन दर कांहीं दिवसांनीं यजमानानें स्वहस्तें नळी लावून रित्या करावयाच्या. सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी करणाऱ्यांनीं आधीं एकदां हें करून पाहावें व मग घर घ्यावें.

आमच्या मतें सर्वांत मोठा प्रश्न यंत्र व घर एका देहांत असावें कीं वेगळें, हा आहे. यंत्र बिघडून मोटारहोम कारखान्यांत गेलें कीं मालकिणीचें स्वयंपाकघर, बिछाना व देव हेंही सर्व कारखान्यांत जातें. मग पंधरा दिवस पांथशाळा. ओढण्याचें घर असलें तर ट्रक दुरुस्तीस जातो व घर जागीं राहतें. शिवाय भावजयबाई मोटार चालवितात, पण तें चाळीस फुटी धूड चालविणार नाहींत. म्हणजे सारथि आजारी पडला कीं रथही बसला. लांबीचाही विचार हवा. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांतील ‘गोइंग-टु-द-सन’ या प्रसिद्ध रस्त्याच्या डोंगरी भागांत २१ फुटांहून लांब वाहनास मज्जाव आहे. त्या रस्त्याचें चित्र बंधूंनीं आपल्या टेबलावर लाविलें होतें!

त्यांचे कागदही आम्हीं चाळले. कित्येक कारखानदारांच्या हमीपत्रांत, घरांत कायम राहिल्यास हमी रद्द, असें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. विमाही कायम राहणाऱ्यांचा निराळा घ्यावा लागतो. कायमचा पत्ता नसेल तर वाहनाची नोंद व टपाल अडतें, म्हणून पुष्कळ जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा येथें पत्ता करितात. तेथें संस्थानी प्राप्तिकर नाहीं, हें त्याचें एक कारण. वृद्धांची मेडिकेअर योजना मूळ स्वरूपांत देशभर, ती स्वीकारणाऱ्या डॉक्टरांकडे चालते. पण खासगी कंपनीमार्फत ‘ॲडव्हांटेज’ घेतली असल्यास नेहमींच्या उपचारांस बहुधा ठरावीक प्रदेशांतले ठरावीकच वैद्य. बंधूंची दुसरी होती. हें त्यांस ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं बंधु निजल्यावर भावजयबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “अण्णा, मी यांच्याबरोबर जाईन. मला फिरणें आवडतें. पण घर विकूं नका म्हणावें. उद्यां यांचे डोळे गेले, माझा दुसरा गुडघा गेला, तर परत जावयास दार हवें. माझें ऐकणार नाहींत, तुमचें ऐकतील.”

आम्ही कांहीं वेळ बोललोंच नाहीं. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं कोंकणांतील वडिलार्जित घर विकलें. आतां कोण जातें तेथें, असें म्हणून. आमच्या सौभाग्यवतींनीं तेव्हां एवढेंच विचारलें होतें, “माडांना पाणी कोण घालील?” आम्हीं हंसण्यावारीं नेलें. त्याला नऊ वर्षें झालीं, आणि अजून पावसाळा लागला कीं त्या त्या माडांविषयीं बोलतात.

सकाळीं बंधूंस हेंच सांगितलें. हिशेब मागून दाखविला. नवें चालतें घर विकत घेतलें त्या दिवसापासून उतरूं लागतें. जमिनीवरचें घर विकून तें घ्यावयाचें म्हणजे टिकणारें देऊन झिजणारें घेणें. घर एक वर्ष भाड्यानें द्यावें. चाकांवरचें आधीं भाड्यानें घेऊन सहा आठवडे राहावें, तेंही थंडी-पावसांत. उन्हाळ्यांत सर्वच घरें चांगलीं असतात. आवडलें तर वापरलेलें, लहान, एका पातळीचें घ्यावें. हिवाळ्यांत ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटांत जाऊन बसावें. तेथील सरकारी जमिनीवर परवाना घेऊन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहतां येतें. एरवीं अशा जमिनीवर साधारण चौदा दिवसांनीं तळ हलवावा लागतो. आपल्या संन्याशांचा चातुर्मास पावसाळ्यांतला, यांचा हिवाळ्यांतला, इतकाच फरक! बंधु दोन दिवस आमच्याशीं तुटक बोलत होते. तिसऱ्या दिवशीं टेबलावरचें चित्र काढून त्यांनीं खणांत ठेविलें, तेव्हां आम्हांस वाईटही वाटलें.

परवां त्यांचें पत्र आलें. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ते दोघें भाड्याच्या पंचवीस फुटी घरांत सहा आठवडे राहून आले. एकदां नळी गोठली, एकदां फोडणीच्या धुरानें धोक्याची घंटा वाजून शेजारचे सर्व वृद्ध बाहेर आले, व मग त्यांच्यापैकीं दोघे जेवावयास राहिले. घर भाड्यानें दिलें आहे. भाडेकरू दक्षिणेकडील आहेत, अंगण झाडतात. तसलेंच एक वापरलेलें घर त्यांनीं हेरलें असून ट्रकाचा सौदा चालू आहे.

पत्राखालीं भावजयबाईंच्या हातच्या दोन ओळी आहेत. गाडी चालूं लागली कीं देव फळीवर राहत नाहींत. तरी पणजीबाई काशीयात्रेस नेत असत तो तांब्याचा संपुष्ट तुमच्या माळ्यावर असल्यास पाठवावा. माळ्यावर शोधला. झांकणाची बिजागरी तुटलेली होती, ती तांबटाकडून बसवून आणली आहे. पुढील महिन्यांत शेजारचा मुलगा तिकडे जावयाचा आहे; त्याच्याबरोबर देऊं.